शिलाई मशीनचे नऊ हप्ते : सोलापुरातलं एक प्रकरण

मे 2024 मध्ये अक्कलकोट रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंनी नवी पेठेतल्या दुकानातून शिलाईचं पॉवर मशीन घेतलं. किंमत जीएसटीसकट 36,000 रुपये. पैसे क्रेडिट कार्डावर, नऊ हप्त्यांत, 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून. छत्तीस हजार भागिले नऊ, म्हणजे महिन्याला चार हजार, असा त्यांचा साधा हिशेब. जूनच्या बिलात हप्ता आला 4,271 रुपयांचा. जुलैच्या बिलात त्यावर 750 रुपये विलंब शुल्क, त्यावर जीएसटी, आणि वर साडेतीन टक्के महिना दराने व्याज. ते बिल घेऊन त्या माझ्याकडे आल्या. ग्राहकांच्या तक्रारी वाचून, समजून, लिहून देण्याचं काम मी सोलापुरात करतो.

बँक आणि दुकान यांची नावं इथे देत नाही, ताईंचंही नाही. आकडे सोयीसाठी पूर्ण रुपयांत केले आहेत. हे प्रकरण रकमेनं लहान आहे, पण कार्डावरच्या हप्त्यांबाबत कायदा ग्राहकाला नेमकं कुठे वाचवतो आणि कुठे वाचवत नाही, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्याकडे नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन का, आणि मेमध्येच का

सोलापूर चादर-टॉवेलसाठी ओळखलं जातं, पण शाळेच्या गणवेशांचा धंदाही इथे मोठा आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्यामुळे मार्च ते जून कारखान्यांतून घरोघरी काम जातं. कापलेलं कापड घरी येतं, बायका पीसवर शिवून देतात. ताई आधी कारखान्याच्या मशीनवर बसायच्या. स्वतःचं मशीन घरी असलं तर संध्याकाळी मुलं झोपल्यावरही पीस काढता येतात, आणि गल्लीतली दोन-चार छोटी कामं आपण ठरवलेल्या दराने घेता येतात, हा विचार. कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. बचत खातं आहे म्हणून बँकेनं दिलेलं, 60,000 रुपयांच्या मर्यादेचं. तोवर त्यावर किराणा आणि मोबाइल रिचार्ज एवढंच.

शाळा उघडायला आल्या होत्या, म्हणून खरेदी घाईत झाली. या घाईचा पुढच्या सगळ्याशी संबंध आहे.

काउंटरवर काय घडलं

दुकानात बोर्ड होता : अमुक कंपनीच्या मशीनवर नो कॉस्ट ईएमआय. ताईंनी विचारलं, हप्ता किती बसेल? काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, सहा महिन्यांचे केले तर सहा हजार. त्यांना ते झेपणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "थोडं कमी बसवा की." मुलानं नऊ महिने निवडले, कार्ड घातलं, त्यांनी पिन टाकला, स्लिपवर सही केली. मशीन त्याच संध्याकाळी रिक्षानं घरी.

पुढे कळलं ते असं. कंपनीची सवलत फक्त तीन आणि सहा महिन्यांच्या मुदतीला होती. नऊ निवडल्याबरोबर ती गळून पडली, आणि व्यवहार बँकेच्या नेहमीच्या, 16 टक्के व्याजाच्या ईएमआयमध्ये गेला. बोर्डावर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, हे दुकानदारानं नंतर दाखवलं. मुलानं ते सांगितलं नाही. मला वाटतं त्यालाही ते नीट माहीत नव्हतं. हप्ता कमी करून मागितला, त्यानं कमी करून दिला.

नो कॉस्ट ईएमआय चालतो कसा, हे इथे सांगायला हवं, कारण पुष्कळ लोकांना वाटतं की बँक व्याज सोडून देते. बँक काही सोडत नाही. सहा महिन्यांच्या खऱ्या नो कॉस्ट व्यवहारात कंपनी किंवा दुकान 36,000 च्या किमतीवर आधीच सुमारे 1,622 रुपये सवलत देतं. कार्डावर मुद्दल पडतं 34,378. त्यावर बँक 16 टक्क्यांनी व्याज लावते, ते होतं 1,622. दोन्ही मिळून पुन्हा 36,000, म्हणून सहा हजारांचे सहा हप्ते. व्याज आहेच, ते फक्त दुसऱ्यानं भरलेलं असतं. आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी मात्र ग्राहकाच्या बिलात येतो, कारण कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून जी सूट आहे तिच्यातून क्रेडिट कार्डाचं व्याज मुद्दाम वगळलेलं आहे. ते 292 रुपये, आणि प्रोसेसिंग फी 199 अधिक जीएसटी, म्हणजे 235. तेव्हा सगळं बोर्डाप्रमाणे झालं असतं तरी ताईंना 36,000 वर 527 रुपये जास्त गेलेच असते. बोर्डावर हे कधी लिहिलेलं नसतं.

प्रत्यक्षात सवलत शून्य. पूर्ण 36,000 मुद्दल धरून नऊ हप्ते, प्रत्येकी 4,271. एकूण व्याज 2,442, त्यावर जीएसटी 440, फी 235. मशीन पडणार होतं 39,117 रुपयांना.

बिलात काय दिसत होतं

स्लिप आधी मागितली. थर्मल कागदाची, पाकिटात घडी घालून ठेवलेली, दोन महिन्यांत अक्षरं जवळजवळ उडालेली. मुदतीचा 9 आकडा ओळखता येत होता, बाकी अंदाज. (नंतर दुकानाकडून प्रत मिळवली : मुदत 9, व्याजदर 16 टक्के, हप्ता 4,271. सवलतीचा रकाना नाही, एकूण व्याजाची रक्कम नाही.)

मग जूनचं बिल. त्यात हप्त्याची एकच ओळ होती : ईएमआय 1/9, 4,271 रुपये. त्यात मुद्दल किती, व्याज किती, काहीही नाही. ताई तर असंच समजत होत्या की 271 रुपये हा काहीतरी कर असेल. खाली वेगळी ओळ होती, जीएसटी 86 रुपये 40 पैसे. ही ओळ कामाला आली. 86.40 हे कशाचे 18 टक्के? 480 चे. आणि 480 म्हणजे 36,000 वर 16 टक्के वार्षिक दराने बरोबर एका महिन्याचं व्याज. बँकेनं बिलात व्याज लिहिलं नव्हतं, पण त्यावरचा कर लिहिला होता, त्यामुळे व्याज लपलं नाही. सवलत मिळालेली नाही, हे त्या एका ओळीवरून सिद्ध झालं.

त्याच बिलात 28 मेची 6,500 रुपयांची खरेदी होती, मुलांची वह्या-पुस्तकं आणि महिन्याचं सामान. एकूण देय 11,092. किमान देय 4,917. भरायची शेवटची तारीख 5 जुलै.

ताईंनी 5 जुलैला मोजून 4,271 भरले. "हप्ता भरले की मी, तारखेलाच भरले. मग दंड कशाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. उत्तर असं की कार्डावर 'हप्ता' ही वेगळी चूल नसते. हप्ता, त्यावरचा कर, फी आणि बाकीच्या खरेदीचा पाच टक्के भाग मिळून किमान देय ठरतं. त्यापेक्षा 646 रुपये कमी पडले, म्हणून बँकेच्या लेखी तो भरणा अपुरा. बँकेचा मेसेज 6 तारखेला आला, ताईंनी घाबरून 7 जुलैला फोनवरून आणखी 700 रुपये भरले. तरी 16 जुलैच्या बिलात 750 रुपये विलंब शुल्क अधिक 135 जीएसटी लागलेच.

आणि दुसरा फटका. पूर्ण 11,092 भरले नाहीत म्हणून 6,500 च्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत गेली. व्याज 5 जुलैपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून, 28 मेपासून लागलं, वर्षाला 42 टक्के दराने. सुमारे 360 रुपये, वर जीएसटी. शिवाय थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत कार्डावर जे नवीन घ्याल त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. हप्त्यावर मशीन घेणाऱ्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हप्त्याचं 16 टक्के व्याज त्याला दिसतं, पण हप्ता चालू असताना त्याच कार्डावर किराणा घेतला आणि पूर्ण बिल भरायला पैसे पुरले नाहीत, की 42 टक्क्यांचं मीटर सुरू होतं. हप्ता आणि रोजची खरेदी एकाच कार्डावर ठेवू नये, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगतो.

व्याजाला मर्यादा आहे का?

ताईंचा भाचा हुशार मुलगा. त्यानं मोबाइलवर शोधून आणलं होतं की क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, कोर्टाचा निकाल आहे. निकाल होता, हे खरं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 7 जुलै 2008 ला तसं म्हटलं होतं : वेळेत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आम्ही हे प्रकरण हाताळत होतो तेव्हा ती अपिलं प्रलंबित होती, म्हणून तो मुद्दा तक्रारीत घेऊ नये असं मी सांगितलं. भाचा नाराज झाला. पण 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं 2008 चा तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि ग्राहकानं मान्य केलेल्या करारातल्या अटी आयोगाला अशा बदलता येणार नाहीत, असं त्याचं सार. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21अ मध्येही बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानं व्यवहार उकरू नये असं म्हटलेलं आहे.

घरातले वडीलधारे दामदुप्पटीची आठवण काढतात. सोलापुरात माग चालवणाऱ्यांच्या घरात सावकारीचे अनुभव जुने आहेत, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही हा नियम लोकांच्या तोंडी आहे. तो नियम सावकारीला आहे. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी नियमन कायदा बँकेच्या कर्जाला लागू होत नाही. रिझर्व्ह बँक कार्डाच्या व्याजाबद्दल एवढंच म्हणते की ते खर्च आणि वाजवी परतावा पाहता समर्थनीय असावं. आकडा नाही. हप्त्यांच्या संख्येलाही वरची मर्यादा नाही. तीन, सहा, नऊ, बारा, चोवीस, बँक देईल तितके.

हे ऐकून ताईंचा चेहरा पडला. मला स्वतःला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते. ज्या देशात सावकाराच्या व्याजाला मर्यादा आहे तिथे 42 टक्के आकारणाऱ्या बँकेला नाही, हे पटत नाही. पण तक्रार जिंकायची तर कायद्यात जे आहे त्यावर उभं राहावं लागतं. कायदा बँकेला महाग विकायला मनाई करत नाही, लपवून विकायला करतो. आमची सगळी तक्रार या एका धाग्यावर बांधली.

मर्यादा कुठे आहे

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, आणि शून्य टक्के ईएमआय योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात झाकलं जातं. पुढे 21 एप्रिल 2022 चे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे निर्देश आले, 1 जुलै 2022 पासून लागू. त्यातला ईएमआयचा नियम थोडक्यात असा : व्यवहार हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल किती, व्याज किती, आणि नो कॉस्ट करण्यासाठी बँकेनं किंवा दुकानानं दिलेली सवलत किती, हे ग्राहकाला स्पष्ट दाखवलं पाहिजे. हेच बिलातही वेगवेगळं दाखवलं पाहिजे. आणि ज्या हप्त्यांत व्याज आहे त्यांना बिनव्याजी किंवा नो कॉस्ट असं भासवता येणार नाही.

ताईंच्या बिलातली 'ईएमआय 1/9, 4,271' ही एकच ओळ या नियमाचा सरळ भंग होती. वादाला जागाच नव्हती. व्यवहाराआधीच्या माहितीबद्दल मात्र बँकेला बोलायला जागा होती : स्लिपवर दर आहे, हप्ता आहे, सही आहे. आमचं म्हणणं, दर लिहिणं म्हणजे व्याजाची रक्कम दाखवणं नव्हे. 16 टक्के वाचून नऊ महिन्यांचं व्याज 2,442 होतं हे काउंटरवर उभ्या कुठल्या ग्राहकाला कळणार आहे? नियमात रक्कम दाखवायला सांगितली आहे ती यासाठीच.

विलंब शुल्काचा मुद्दा तर हातात आयता आला. त्याच निर्देशांप्रमाणे कार्ड खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकलेलं असेल तरच विलंब शुल्क लावता येतं आणि तरच क्रेडिट माहिती कंपन्यांकडे, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, थकबाकी कळवता येते. दिवस मात्र मूळ तारखेपासून मोजतात. 5 जुलै ही तारीख, 7 जुलैला किमान रक्कम पुरी झाली. दोन दिवस. शुल्क लागूच होत नाही. आणि समजा लागू झालं असतं तरी 750 चूक होते. बँकेच्या दरपत्रकात 750 हा टप्पा दहा हजारांवरच्या देय रकमेला होता, आणि बँकेनं तो 11,092 वर लावला. नियम म्हणतो, असं शुल्क तारखेनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवरच आकारायचं, बिलाच्या एकूण रकमेवर नाही. 5 तारखेनंतर शिल्लक होते 6,821. म्हणजे टप्पा खालचा.

एक गोष्ट बँकेच्या बाजूनं नोंदवली पाहिजे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला मनाई आहे, ती तिनं पाळली होती. ऑगस्टचं बिल तपासताना मी हे मुद्दाम पाहिलं.

तक्रार

22 जुलैला बँकेकडे लेखी तक्रार केली. ग्राहक सेवा क्रमांकावर आधी दोनदा बोलणं झालं होतं, पण त्याचा कागद हातात नसतो. ईमेल केला, शाखेत प्रत देऊन पोच घेतली. तीन मागण्या : विलंब शुल्क आणि त्यावरचा जीएसटी परत, हप्त्यांचं मुद्दल-व्याज वेगळं दाखवणारं पत्रक, आणि नो कॉस्ट सांगून लावलेलं व्याज परत. 42 टक्के व्याजाबद्दल एक शब्द लिहिला नाही. ते 360 रुपये नियमात बसत होते.

14 ऑगस्टला उत्तर आलं. 885 रुपये 'सदिच्छा म्हणून' परत. नियमाचा भंग झाला म्हणून नाही, सदिच्छा म्हणून! हा शब्द बँकांच्या पत्रांत नेहमी येतो आणि मला तो खटकतो, कारण ज्याला चूक माहीत नाही त्याला ही सदिच्छा कधी मिळत नाही. पत्रकही पाठवलं. व्याजाबद्दल मात्र नकार : व्यवहार बँक ईएमआयचा आहे, ग्राहकाची सही आहे, दुकानानं काय सांगितलं याला बँक जबाबदार नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार नोंदवली. तेव्हाच्या, 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेत यासाठी पैसे लागत नव्हते, वकील लागत नव्हता. अट एवढीच की आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असावी, आणि तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर समाधानकारक नाही असं असावं. उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जावं लागायचं. बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार तिथे टिकत नाही, म्हणून 'व्याज फार आहे' असं लिहिलं की अर्ज बाहेर पडण्याची भीती. आम्ही लिहिलं : निर्देशाप्रमाणे मुद्दल, व्याज आणि सवलत व्यवहाराआधी दाखवली नाही, बिलातही दाखवली नाही. सोबत जूनचं बिल, स्लिपची प्रत, बोर्डाचा फोटो.

बोर्डाचा फोटो हा ताईंच्या भाच्याचा पराक्रम. जुलैमध्ये प्रकरण सुरू झालं तेव्हाच जाऊन त्यानं काढून ठेवला होता. ऑगस्टमध्ये बोर्ड बदलला.

दुकानाचा मार्ग वेगळा, कारण दुकान लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिथे ग्राहक संरक्षण कायदा 2019. दुकानाला नोटीस पाठवली : नो कॉस्टचा बोर्ड लावून व्याजाचा व्यवहार करणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा. दुकानदारानं वकिलाकडून उत्तर दिलं की मशीन धंद्यासाठी घेतलं आहे, म्हणून बाई 'ग्राहक' नाहीतच. हा बचाव शिलाई मशीन, रिक्षा, गिरणी अशा प्रत्येक प्रकरणात येतो. कायद्याच्या कलम 2(7) मध्ये त्याचं उत्तर आहे : स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या प्रकरणात टाइपरायटर घेऊन स्वतः टायपिंग करून देणाऱ्याचं उदाहरण देऊन हेच समजावलं होतं. ताईंच्या मशीनवर ताईच बसतात. हाताखाली कोणी नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि आता ग्राहक राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे जायला आम्ही तयार होतो.

शेवट काय झाला

दुकानदारानं नवरात्राच्या सुमारास स्वतः फोन केला. गिऱ्हाइकांचा हंगाम, आयोगाची तारीख कोणाला नको असते. 1,200 रुपये रोख देऊन मिटवू म्हणाला. मी ताईंना म्हटलं, थांबा, जास्त मिळेल. त्या म्हणाल्या, "सर, दुकान जवळच आहे, उद्या मोटर बिघडली तर त्याच्याकडेच जायचंय." त्यांनी पैसे घेतले, लिहून दिलं. त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबर होता.

लोकपालाच्या कार्यालयातून बँकेला पत्र गेलं आणि ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. बँकेनं प्रोसेसिंग फी जीएसटीसह 235 रुपये परत केली, आणि उरलेले हप्ते एकदम फेडायचे झाले तर त्यावरचं शुल्क माफ केलं. लावलेलं व्याज परत करायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. मला ही तडजोड बँकेला फार स्वस्त पडली असं वाटतं. बिलातला दोष कागदावर होता, निवाडा मागता आला असता. पण ताईंना दिवाळीआधी प्रकरण संपवायचं होतं.

मुदतीआधी फेडण्याचं शुल्क माफ झालं हे ऐकायला छोटं वाटतं, म्हणून त्याचा हिशेब देतो. पाच हप्ते गेल्यावर मुद्दल उरलं होतं 16,531. तोवर व्याज भरून झालं होतं 1,888. पुढच्या चार हप्त्यांत व्याज उरलं होतं फक्त 554, कारण व्याजाचा मोठा भाग सुरुवातीच्या हप्त्यांतच जातो. जीएसटी धरून वाचणार होते 654. आणि बँकेचं फेडीचं शुल्क उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के होतं : 496 अधिक जीएसटी, 585. निव्वळ बचत 69 रुपये, त्यातूनही मधल्या दिवसांचं व्याज वजा. अर्धे हप्ते झाल्यावर लोक हौसेनं कर्ज 'क्लोज' करायला जातात, तेव्हा हा हिशेब कोणी करत नाही. शुल्क माफ झालं म्हणूनच ताईंच्या फेडीला अर्थ आला.

ऑक्टोबरअखेर गणवेशाचे अडकलेले पैसे आले, त्यातून त्यांनी 16,531 भरून टाकले. विलंब शुल्क आणि फी परत आली, दुकानाचे 1,200 मिळाले. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून गेले 2,228, त्यातून 1,200 वजा, म्हणजे मशीनवर जास्तीचे गेले 1,028. शिवाय किराणा-पुस्तकांवरचं ते 42 टक्क्यांचं व्याज वेगळं, ते परत मिळण्याजोगं नव्हतंच.

मग त्यांनी कार्ड बंद करायला सांगितलं. बँकेच्या मुलीनं फोनवर मर्यादा वाढवून देण्याचं, वार्षिक फी माफ करण्याचं सांगून पाहिलं. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे वाक्य मी ताईंना कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी ते फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. पाचव्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला.